लागला की पळायचं

रविवार, ४ ऑक्टोबर

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळं खुशाल असं लिहायचं असतं म्हणून लिहिते आहे. किती खुशाल ते पुढचं वाचून तूच ठरव. वहिनीला नमस्कार सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

फोन तू उचलत नाहीस. एकदा चुकून उचललास तर नुसता श्वास ऐकवलास आणि ठेवून दिलास. म्हणून पत्र. फार तर फाडशील. पण फाडणार नाहीस, मी ओळखून आहे तुला. संघाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरत नाही.

खोक्यांच्या कारखान्याने गेल्या वर्षी तुला काढून मला सॉफ्टबॉल संघाची प्रशिक्षक केलं, ते मी मागून घेतलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही, हे खरं. तेवढ्यावरून तू बिऱ्हाड उचललंस, थेट समुद्रकाठी जाऊन गाळ काढायच्या बोटीवर नोकरी धरलीस, आणि जाताना स्वतःच्या पोरीला म्हणालास, "आत्याच्या संघात खेळायचंय ना, मग आत्याकडेच राहा." राहते आहे बरं का. माझ्यापेक्षा जास्त जेवते, आंघोळीला सगळं गरम पाणी संपवते, आणि मी घोरते असं डिंक विभागात सांगत फिरते.

आता मुद्द्याचं. तुझी लाडकी पहिलवान गेली. रंगाच्या कारखान्याने तिला जास्त पगार आणि बसून करायचं काम दिलं, तिने दुसऱ्या दिवशी बॅट उचलली आणि चालू पडली. म्हणजे आता आमच्याकडे कुंपणापार चेंडू घालवणारी एकही नाही. वाचून तुला गुदगुल्या होत असतील. हो, पण ऐक.

पहिल्या क्रमावर तुझी पोरगी, आपली भिंगरी. (तू घरात मारायचास ती हाक आता अख्खा कारखाना मारतो. खरं नाव हजेरीपुरतं उरलंय.) नको तो चेंडू सोडते, हवा तो नुसता बॅटला लावते, आणि अवघड असेल तो रेषेबाहेर ढकलत राहते, समोरची पिचर रडकुंडीला येईपर्यंत. बेसवर पोचली की पुढचा बेस चोरलाच समज. दुसरी डिंक विभागातली बुटकी. भिंगरी पळाली की तिच्या पाठीमागून चेंडू उजवीकडे ढकलायचा, एवढंच तिचं काम. तिसरी लेबलवाली. आणि चौथ्या जागेवर, जिथे तू कायम सगळ्यात आडदांड बाई उभी करायचास, तिथे मी पॅकिंगच्या मावशींना ठेवलंय. आपल्या कॅचर मावशी, हो त्याच. हसून झालं? मावशींचा चेंडू कुंपणापर्यंत जन्मात जायचा नाही, पण त्यांची बॅट हुकत नाही, आणि पुढच्या तिघींपैकी कोणीतरी बेसवर असतेच. शेवटच्या जागेवरही पळणारीच ठेवली आहे. म्हणजे क्रम संपता संपता परत भिंगरी उभी, आणि समोरच्यांना दम खायला जागाच नाही.

माझा विचार साधा आहे. होमरन मारायला गेलेली बाई बहुतेक वेळा वारा घालून परत येते. तोच चेंडू नुसता मैदानात ठेवला तर समोरच्यांना तो अडवायचा असतो, फेकायचा असतो, आणि बेसवर झेलायचा असतो. तीन बायकांनी तीन कामं नीट करायची, तीही आमची पोरगी जिवाच्या आकांताने पळत असताना. घाईत माणूस चुकतोच. यंत्राचा वेग वाढवला की चांगल्या चांगल्या बायका खोकी वाकडी चिकटवतात, मी रोज बघते.

तू म्हणायचास, असल्या टुकटुकीने सामने जिंकता येत नाहीत, फार तर बस पकडता येते. बरं. गेल्या महिन्यात आम्ही हरलो कमी आणि जिंकलो जास्त. चौकशी कर हवी तर.

सरावात माझा एकच नियम आहे: लागला की पळायचं. चेंडू बॅटला लागला की कुठे गेला ते बघायचं नाही, बाद होणार हे दिसत असलं तरी पळायचं. जी उभी राहून बघेल ती त्या दिवशी बाकावर. हा नियम मला तुझ्यावरून सुचला. फटका मारून तू कमरेवर हात ठेवून चेंडूकडे बघत उभा राहायचास ना, जसं काही फोटोवाला येणार आहे! रागावू नकोस.

अजून एक, सहज विचारते. पळणाऱ्या मुलींची टाच दुखायला लागली तर तू काय लावायचास? भिंगरीची टाच सकाळी उठल्यावर जरा धरते. काळजीचं काही नाही. पळायला लागली की मोकळी होते. सहज विचारलं.

तुझ्या शिव्यांचीही वाट बघणारी,
धाकटी

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

ती. दादा,

नमस्कार. मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे लिहिते आहे, कारण त्यात मी तुला अर्धंच सांगितलं होतं. खरं म्हणजे अर्धंही नाही.

भिंगरीची टाच "जरा" धरत नाही. सकाळी ती भिंतीला हात लावत लावत मोरीपर्यंत जाते आणि मी झोपले आहे असं तिला वाटतं. टाचेच्या वर सूज आहे. काल जबरदस्तीने डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी तिला पालथं झोपवलं, पोटरी दाबली, मागची शीर बोटात धरून पाहिली, आणि मग तिला बाहेर बसायला सांगितलं. मला म्हणाल्या, "ही टाचेमागे जाड दोरी असते ना, तिचे धागे सुटायला लागलेत. आत्ता पळणं थांबवलं तर काही महिन्यांनी पहिल्यासारखी होईल. पळत राहिली तर एक दिवस तुटेल. मग शिवता येते, चालेलही मुलगी. पण असं पळणं विसरा." मी विचारलं, एका सामन्यापुरतं? बाई म्हणाल्या, "तुम्ही कोण तिच्या?" आत्या म्हटलं. प्रशिक्षक आहे हे सांगितलंच नाही.

आता तू म्हणशील, मग बसव तिला, पत्र कसलं लिहितेस? तेच सांगते.

त्याच दिवशी दुपारी साहेबांनी बोलावलं. अठरा तारखेला रंगाच्या कारखान्याशी शेवटचा सामना आहे. जो हरेल तो मंडळाच्या स्पर्धेतून बाहेर. साहेब म्हणाले, "बाहेर पडलात तर संघ बंद. मैदानावर ट्रक उभे करू. रोज रस्त्यावर रांग लागते, गिऱ्हाईकं बोंबलतात." आवाजसुद्धा चढवला नाही. चहा मागवला वर.

दादा, तुला या मैदानाचं मी काय सांगू? दगड तू वेचलेस. संघ गेला तर मावशी दिवसभर पॅकिंगच्या टेबलापाशी उभ्या राहतील आणि घरी जाऊन पडतील, दुसरं काय आहे त्यांना? बुटकीचा नवरा तिला फक्त "सराव आहे" म्हटल्यावर घराबाहेर पडू देतो. आणि मी. माझं लग्न नाही, पोर नाही, चिकटपट्टीचं यंत्र आणि हे मैदान. ते गेलं तर मी काय करू? सांग ना, काय करू मी?

आणि हा सगळा क्रम भिंगरीवर उभा आहे. ती बेसवर पोचली नाही तर बुटकीला ढकलायला काही नाही, मावशींना आपल्या फटक्यावर घरच्या बेसवर आणायला कोणी नाही. तुझ्या पद्धतीत एक बाई दुखावली तर दुसरी धिप्पाड बाई मिळते. माझ्या पद्धतीत तसं नाही, हे मला आत्ता कळतंय.

काल संध्याकाळी तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती पाय टबात सोडून बसली होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आत्या, तू बस म्हणालीस तर बसेन. एका शब्दाने बोलणार नाही. म्हणतेस का?"

मी उठून टबात आणखी गरम पाणी ओतलं.

तिने पाण्यात बोटं फिरवली आणि म्हणाली, "बघ. तुलाही खेळवायचंच आहे." आणि हसली. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात.

म्हणून तुला लिहिते आहे. तू तिचा बाप आहेस. तू दोन ओळी लिही तिला, खेळू नकोस म्हणून. तुझं ती ऐकेल. रागाने का होईना, ऐकेल. मग मी सगळ्यांना सांगेन की बापाने नाही म्हटलं, आणि हरलो तर हरलो. माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही रे. आरशासमोर म्हणून पाहिलं, निघतो. तिच्यासमोर नाही.

वहिनीला हे वाचायला देऊ नकोस. भिंगरीने शपथ घातली आहे.

लगेच लिही. हात जोडते.

धाकटी

बुधवार, १४ ऑक्टोबर

दादा,

काल तुझं पत्र आलं. माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर! दुसरं तुला तेव्हा मिळालंच नव्हतं.

ते माझ्या हाती आधी आलं असतं तर मी चुलीत घातलं असतं. पण पोस्टमन आला तेव्हा मी कामावर होते, भिंगरी दारात. तुझं अक्षर बघून तिने तिथेच उभ्या उभ्या फोडलं. मी आले तर स्वयंपाकघरात बसून ती तेच तेच वाचत होती. मोठ्याने वाचून दाखवलं मला. "तुझा क्रम म्हणजे मुंग्यांची रांग आहे. पण रांगेत पहिली मुंगी बरी निवडलीस. टाचेबिचेचं कौतुक करू नकोस, पळणाऱ्याला दुखतंच. पोरीला खेळव. बोट सुटायची आहे, घाईत आहे."

तुला कळतंय का काय झालं? तुझ्या संघात असताना ती बाकावर बसून सगळ्यांच्या बाटल्या भरायची. तू तिला एकदाही पहिल्या नऊ जणींत घेतलं नाहीस. "हिच्या अंगात जोर नाही," असं तिच्यासमोर म्हणायचास. आणि आता बापाच्या हातचं, "पोरीला खेळव." रडली नाही. पत्राची घडी घालून उशीखाली ठेवली आणि म्हणाली, "आता तर विषयच संपला, आत्या."

तुझी चूक नाही. मीच "काळजीचं काही नाही" लिहिलं होतं, आणि ज्याला काळजीचं काही नाही असं सांगितलं तो दुसरं काय लिहिणार? तरी मला तुझा इतका राग आला की रात्रीचं जेवण गेलं नाही.

आता नीट ऐक. हे पत्र आपला ट्रकवाला घेऊन येतोय, त्याची फेरी बंदरावर आहे. फक्त तुझ्या हातात द्यायचं असं बजावलंय. मिळाल्या मिळाल्या ये. यायला जमत नसेल तर कारखान्याच्या फाटकावर फोन कर, पहारेकरी तिला बोलावेल. तिला स्वतः सांग की तुला माहीत नव्हतं. बोट सुटायची आहे म्हणतोस, तुझी बोट काय, रोजच सुटत असेल. संध्याकाळी किनाऱ्याला लागतेच ना?

तोवर मी एक तोड काढली आहे. तू हसशील, पण माझ्याकडे हीच आहे. भिंगरीला सुरुवातीला खेळवायचंच नाही. तिच्या जागी बुटकी पहिली, बाकीच्या एकेक पायरी वर. भिंगरी बाकावर. अगदीच गळ्याशी आलं, तिसऱ्या बेसवर आमची बाई उभी आहे आणि एका धावेची गरज आहे, बाद व्हायच्या तिघींपैकी दोघी अजून बाद झालेल्या नाहीत, तर आणि तरच तिला बॅट द्यायची. तिने बंट करायचा. बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात पाडायचा आणि जागेवर उभं राहायचं. पळायचंच नाही. तिसऱ्या बेसवरची घरी येईल, भिंगरीला खुशाल बाद करू देत. धाव तर मिळाली. चेंडू हमखास बॅटला लावणारी तीच एक आहे, आणि लावायला टाच लागत नाही.

काल तिला हे सांगितलं आणि आज सरावात करून घेतलं. अरे, तमाशा झाला नुसता. पहिला बंट केला आणि बाई निघाली. "थांब!" म्हणून ओरडले. दुसरा केला, परत निघाली, दोन पावलांवर थबकली. मावशी म्हणाल्या, "हिचे पाय बांधून ठेवा खुंटीला." सगळ्या लोळून हसल्या, भिंगरी सगळ्यात जास्त. मग हळूहळू जमलं. शेवटी शेवटी खांबासारखी उभी राहत होती. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नीट झोप लागेल असं वाटतंय.

पण तू ये. तोड कितीही चांगली असली तरी तू ये. माझ्यावर सोडू नकोस. मला माझी खात्री नाही.

धाकटी

मंगळवार, २० ऑक्टोबर

दादा,

हे पत्र वहिनीच्या सांगण्यावरून बोटीच्या कचेरीत पाठवते आहे. तू उद्या परवा उतरशील तेव्हा ते तुला तिथेच देतील. उभ्याने वाचू नकोस. कुठेतरी बस.

भिंगरी रुग्णालयात आहे. जिवाला धोका नाही, हे आधी सांगते. टाचेची शीर तुटली, काल शिवली. वहिनी आज सकाळच्या बसने पोचली, ती आत तिच्याजवळ आहे. मी बाहेर बाकावर आहे.

सामना आम्ही जिंकलो. हे वाक्य कुठे लिहावं कळेना, म्हणून इथेच लिहून टाकते.

पहिलवानने आम्हाला होमरनने झोडपलं, तुला बघायला आवडलं असतं. तरी आम्ही चिवटपणे एकेक धाव गोळा करत बरोबरीत आलो. तुझ्या मुंग्यांची रांग बरी चालली. शेवटचा डाव आमचा होता. बुटकी बेसवर पोचली, दुसरा बेस चोरला, लेबलवालीने उजवीकडे चेंडू ढकलला, ती बाद झाली पण बुटकी तिसऱ्यावर. एकच बाद. एक धाव हवी. जसं मी तुला लिहिलं होतं अगदी तसंच, जसं काही मी मागवून घेतलं होतं. पुढे मावशींची पाळी, आणि मावशींचं बोट कॅचिंग करताना सुजलेलं, बॅट धरवत नव्हती.

मी बाकाकडे वळले तर भिंगरी हेल्मेट घालून उभीच होती.

तिला म्हटलं, पाडायचा आणि उभं राहायचं. म्हणाली, "हो गं." परत म्हटलं, पळायचं नाही. म्हणाली, "आत्या, पाठ झालंय."

पहिल्याच चेंडूला तिने बॅट आडवी धरली. इतका सुंदर बंट मी आयुष्यात पाहिला नाही, दादा. चेंडू पुढ्यात पडला आणि मेल्यासारखा थांबला. बुटकी तोवर अर्ध्या वाटेवर होती. घरी पोचणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. सामना संपला होता.

आणि भिंगरी पळाली.

मी ओरडले. सगळे ओरडत होते, आनंदाने, तिला काय ऐकू येणार? पिचरला घरी फेकून उपयोग नव्हता, तिने पहिल्या बेसवर फेकला. भिंगरी चेंडूच्या आधी पोचली. अंपायरने हात आडवे पसरले, बाद नाही म्हणून. आणि त्याच वेळी आवाज आला. खोक्यावरची ताणलेली प्लॅस्टिकची पट्टी तुटते ना, तसा. मला बाकापाशी ऐकू आला. ती बेसच्या पुढे जाऊन पडली आणि मागे वळून बघत होती, कोणी लाथ मारली म्हणून. मागे कोणी नव्हतं.

गाडीत विचारलं, का पळालीस? माझा आवाज चढला होता. ती रडत म्हणाली, "मला माहीत नाही गं. लागल्यासारखं वाटलं आणि पाय निघाले." दादा, त्या पायांना मी वर्षभर रोज संध्याकाळी हेच शिकवलं होतं. चार दिवसांत उलटं शिकवायला निघाले होते.

काल वहिनीला फोन केला. तिने पहिल्या घंटेला उचलला. म्हणाली, "ते तर आठ तारखेलाच बोटीवर गेलेत, दूरच्या बंदरावर काम आहे. तुझं पत्र फडताळावर तसंच आहे, त्यांच्या नावाचं म्हणून मी फोडलं नाही." ट्रकवाल्याला तू भेटला नाहीस म्हणून त्याने पत्र कचेरीत ठेवलं. म्हणजे दोन्ही बंद आहेत. आता फोडशील तेव्हा त्यात मी तुला काय काय विनवते आहे ते वाचशील.

पण मला तुला वेगळंच सांगायचंय. वहिनी आली ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने एकच विचारलं, "मला फोन का नाही केलास?" मी शपथेचं सांगितलं. ती म्हणाली, "पोरींच्या शपथा आपण कधीपासून पाळायला लागलो?" माझ्याकडे याचं उत्तर होतं. वहिनीला फोन केला असता तर ती त्याच दिवशी बसने आली असती, पोरीला दंडाला धरून घेऊन गेली असती, आणि सामना भिंगरीशिवाय झाला असता. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी तिला फोन केला नाही. तुला पत्रं लिहिली. जो फोन उचलत नाही, ज्याची बोट सुटायची आहे, त्याला. तू थांबवावंस म्हणून लिहिलं असं मला लिहिताना खरंच वाटत होतं. मी खोटं रडत नव्हते. पण जी बाई नक्की थांबवणार होती तिला सोडून मी तुला विचारत राहिले.

एवढं वहिनीला सांगितलं. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि आत गेली.

साहेब सकाळी येऊन गेले. फुलं आणली. मैदान राहील म्हणाले, ट्रकांची दुसरी सोय होतेय. मी म्हटलं, बरं. उद्यापासून सराव मावशी घेतील. साहेबांना वाटलं मी दमले आहे.

भिंगरी शुद्धीवर आल्यापासून एकच विचारते, "आत्या, मी पोचले होते ना? बाद नव्हते ना?" मी सांगते, नव्हतीस. मग डोळे मिटते आणि थोड्या वेळाने परत विचारते. दुपारी म्हणाली, "पुढच्या हंगामात मला परत पहिल्या जागेवर ठेव हं. बाबांनीपण म्हटलंय." डॉक्टर म्हणतात, चालेल, जिने चढेल, पण ते पळणं गेलं. आणि हे तिला घरच्यांनीच सांगायचं असतं म्हणे. वहिनी म्हणाली, "माझ्याने होणार नाही. ते आल्यावर सांगतील."

मी म्हटलं, नाही.

तू येशील तेव्हा तिच्याजवळ बस, तिच्यावर रागावू नकोस, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण सांगायला तुझी वाट बघणार नाही. आतून तिचा आवाज येतोय, जागी झाली. आता आत जाते आणि तिला सांगते, तुला आता पळता येणार नाही.

तुझी बहीण